पैल्याच घावात दैत्य मेला

मेला. दैत्य मेला. ढोलकीवर पैली थाप नीट बसली नव्हती, लोकायनं पोतडे आंथरून बूड टेकवलं नव्हतं, अन् राजा झालेल्या बापूनं तलवार काढली, डोमाच्या मानेवर ठेवली अन् म्हनलं, "मेला तू." डोमा दैत्य झाला होता. तो माह्याकडं पाहून राह्यला, म्हंजे ताटीकडं, कारन मी बांबूच्या ताटीमागं बसली राह्यते. मी दिसत नाई, पन कोनानं काय बोलाचं ते कुठून येते त्याले ठावं हाये. अन् म्या तं मराचं काही सांगतलंच नव्हतं. दैत्यानं मराचं होतं दिवस बुडता बुडता, अन् आता दुपार होती. "मेला ना तू?" बापू पुन्हा म्हनला. डोमा मालगुजाराच्या तलावात मासोळ्या धरते अन् बापू मालगुजाराचा, म्हंजे गावाच्या मालकाचा, पोरगा, मंग डोमानं काय म्हनाव? तो मेला. चांगला आडवा होऊन, पाय जुळवून मेला.

आमच्या दंडारीत जे सोंग मेलं ते मेलं. त्याच्यावर पांढरं धोतर टाकतेत, चौघं उचलून नेतेत, अन् तो मानूस त्या दिवशी पुन्हा रंगात उभा राहात नाई. उभा राह्यला तं त्या गावात त्या साली खरंच कोनी जाते म्हनतेत. म्हनून डोमाले उठवाची सोय नव्हती. मैदानात एक राजा होता अन् त्याच्याशी भांडाले कोनीच नव्हतं. आमी तं सांजवरी गाव धरून ठेवाचा शबुद देल्ला होता. माह्या मांडीवर पारू, वर्साची नव्हती झाली, तिचं आंग तापलेलं, अन् ताटीच्या फटीतून मले लोकायच्या टाचा दिसून राह्यल्या होत्या, त्या टाचा उठून राह्यल्या होत्या.

मी घाबरली म्हंजे सगळं उलटं सांगते, म्हनून थांबा, पैले माहं काम सांगते. आमच्या शाळेतल्या गुरुजीनं म्हनलं, पारूची माय, दिवाळीच्या अंकात लोक आपापल्या कामाचं लिहितेत, वकील लिहितेत, डाक्टर लिहितेत, तू काऊन नाई लिहत? म्या म्हनलं, गुरुजी, माहं काम म्हंजे लपून बसाचं, लपलेल्या मानसानं लिहून देल्लं तं मंग तो लपला कायले? ते हासले अन् कागद देऊन गेले. मी तिसरीवरी शिकली, चवथीत लगन झालं. चुका दिसतीन त्या तुमीच सुधरून घ्या.

आमच्या चांदा जिल्ह्यात दिवाळी झाली का गावोगाव मंडई भरते. शिंगाडे, ऊस, जिलेबी, बांगड्या, अन् एका आंगाले दंडार. दंडार म्हंजे झाडीतलं नाटकच, गानं बी, नाच बी, लढाई बी, फरक इतकाच का कोनालेच पाठ नसते. दिवसभर धान कापनारा मानूस पाठ कवा करन? म्हनून एक जन मागं बसून सांगते अन् समोरचा ते बोलते. हे मागं बसून सांगनं माहं काम. बाया दंडारीत नसतेत, रानी बी मानूसच होते. म्हनून मले ताटीमागं बसवतेत अन् गावाले सांगतेत का मागं ढोलकीवाल्याचा भाऊ बसला. ढोलकीवाल्याले भाऊ नाई. ढोलकीवाला म्हंजे पारूचा बाप. दंडारीची गोष्ट तोच जोडते, तोंडानंच, अन् मी ऐकून डोक्यात ठेवते.

पैले तो आलापल्लीच्या जंगलात सागवान तोडाले जाये. तिथी एक ओंडका उतारावरून आला अन् त्याच्या पायावरून गेला. आता उजव्या पायाले बोटं नाईत. सपाटीवर चालते बापा, पन उतारावर उभा राह्यला का घसरते, अन् ते जंगल सगळं उतारावरच हाये. ठेकेदाराचा मानूस तरी दर साली येते. "ये ना, पाय गेला तं काय, हात हायेत." दंडार चालून राह्यली तंवर पारूचा बाप त्याले नाई म्हनू शकते. दंडार पडली का तो चालला जंगलात. एक ओंडका पायावर आला, दुसरा कुठी येईन मले ठावं नाई. म्हनून मले दंडारीचं इतकं भेव. बाकीच्यायले हा खेळ हाये.

सांगनं सोपं नाई. बोलनाऱ्याचा श्वास संपला का सांगाचं. आधी सांगतलं तं तो दोन्ही एकत्र बोलते, रानीले म्हनते, "प्रिये, घोड्याले दाना घाल." आवाज बोलनाऱ्याच्या कानावरी गेला पाह्यजे, त्याच्या मागच्या मानसावरी नाई. लेकरू मांडीवर असलं तं ते अंगावर पीत असतानाच सांगाचं, तोंड सोडलं का रडते. हे सगळं कोनी शिकवत नाई, चुकून चुकून येते.

रानीचं काम सुखा करते, तो न्हाव्याचा. त्याले एक शबुद देल्ला का पुढचं तो आपल्या मनानं जोडते, अन् खरं सांगाचं तं आमच्यापेक्षा चांगलं जोडते. डोमाले सगळं दोनदा सांगा लागते. एका मंडईत तं त्यानं दैत्याच्या अवतारात, डोळे लाल, तोंडाले काजळ, भर मैदानात ताटीकडं वळून इचारलं, "काय म्हनलं वहिनी?" तवापासून ढोलकीवाल्याच्या भावाची गोष्ट कोनी मानत नाई. पन कोनी बोलत बी नाई. बंडी मालगुजाराची, जरीचे आंगरखे मालगुजाराचे, तलवार मालगुजाराची, तोच गप हाये तं बाकीच्यायनं कायले बोलाव? सरकारनं मालगुजारी काढून घेतली, पन मालगुजाराले कोनी काढलं नाई, तो तिथीच हाये. म्हनून राजा बी त्याच्याच घरचा.

बापू दिसाले गोरा, आवाज मोठा, अन् डोक्यात एक बोल राहात नाई. पन कानावर जे पडते ते तो जसंच्या तसं बोलते, इचार करत नाई. सांगनारीले याच्याहून चांगला राजा भेटाचा नाई. मी पारूच्या बापाले म्हनो, देवानं याले कान देल्ला, तोंड देल्लं, मधातलं द्याचं राहून गेलं.

पैल्या साली पारूच्या बापानं जो राजा जोडला तो आमच्यासारखाच होता. रस्ता चुकलेला, तलवार नदीत पडलेली, दैत्याच्या हातचा मार खाऊन झाडाखाली बसलेला, तहानेनं जीव चाललेला. तो घेऊन आमी पार सिरोंच्याकडं गेलो. तिकडं सगळे तेलगू बोलतेत, आमचा एक शबुद कोनाले समजत नसन. पन सगळे बसून होते, एक टाच हालली नाई. बापू झाडाखाली बसून पानी पानी करून राह्यला, तवाच एक म्हातारी उठली, लोटाभर पानी घेऊन सरळ मैदानात आली अन् म्हनाली, "तागु, नायना." पी बापा, म्हनून राह्यली होती. आता दंडारीत तं राजाले पानी भेटाचं नव्हतं, पुढची सगळी गोष्ट त्या तहानेवरच होती. म्या मागून सांगतलं, पिऊ नका, पिऊ नका. बापूनं तेवढं एकदा माहं ऐकलं नाई. तो प्याला. म्हातारीनं त्याचं तोंड पदरानं पुसलं अन् जागेवर जाऊन बसली. पुढची गोष्ट आमी तशीच ढकलली, कोनाले राग आला नाई.

ते पानी मालगुजाराच्या कानावर गेलं. त्यानं पारूच्या बापाले बोलावलं.

"माह्या पोराले तहान कायले लावली रे?"

"दंडारीत लागते मालक."

"काऊन लागते? माह्या घरी हीर नाई का?"

याले काय म्हनाव? दुसऱ्या साली राजाची तहान गेली. मंग भूक गेली. मंग मालगुजार म्हने, माहे आसामी, माह्या जमिनी कसनारे, समोर बसतेत, त्यायच्यासमोर डोमानं माह्या पोराले हानाव? मंग मार खानं गेलं. मंग बापूलेच गोडी लागली. तो म्हने बान चुकला नाई पाह्यजे. मंग म्हने एका बानात सात दैत्य मेले पाह्यजेत. आमच्याकडं दैत्य एक, डोमा. मंग म्हने बान तरी कायले, मी डोळे वटारले का तो थरथरला पाह्यजे. डोमा तसाबी थरथरेच.

पारूचा बाप भीत भीत म्हने, "बापू, असं केलं तं दंडार चालन कितीक येळ?"

"तुले काय करा लागते? तू ढोलकी वाजव."

आता मले ताटीच्या फटीतून राजा पाठमोरा दिसते, लोक समोरून दिसतेत. म्हनून हे मले सगळ्याच्या आधी दिसलं. राजा जसा जसा मोठा होत गेला तसे तसे लोक पांगले. पैले बाया लेकराच्या डोक्यातल्या उवा पाहाले लागल्या. मंग बुढे बिडी पेटवाच्या नावानं उठले. अन् बाजूले झाडाखाली कोंबड्यायची झुंज लागे, तिथी गर्दी. मी म्हनो, कोंबड्याले ना जरीचा आंगरखा, ना गानं, ना बोलनं, त्याच्यात असं काय हाये? मंग एक दिवस समजलं. कोनता कोंबडा मरन ते कोनालेच ठावं नव्हतं, कोंबड्याले बी नव्हतं. आमच्या राजाचं तं बंडी गावातून निंगाच्या आधीच सगळ्यायले ठावं होतं.

पारूचा बाप म्हने, देवाले तरी कोन मारू शकते, तरी लोक जातेतच ना देवाकडं? म्या म्हनलं, जातेत, पन पाहाले नाई जात, पाया पडाले जातेत. पाया पडून झालं का उठतेत. आपल्याले तं सांजवरी बसवाचं हाये.

डोमा दुपारीच मेला त्या दिवशी मंडईत गोंडपिपरीकडचे पाहुणे आले होते, बापूले मुलगी देनारे. मुलीचा बाप, माय, मामा, सगळे समोर खुर्च्यायवर, अन् मधात मालगुजार. बापूच्या डोक्याले मालगुजाराचा स्वताचा जरीचा फेटा, लग्नातला. बापूले वाटलं असन, पाहुन्यायले सांजवरी कायले ताटकळत ठेवाव, आपन काय चीज हावो ते आत्ताच दाखवून देऊ. देल्लं दाखवून.

मंग बापू तलवार घेऊन उभा. कोनी येत नाई. तो एक चक्कर मारून आला. मिशीले पीळ देल्ला. तिकडं कोंबड्यायच्या झाडाखाली आरडा झाला अन् इकडची आख्खी मागची रांग उठली. डोमाले उचलनारे चौघंही तिकडंच गेले, तो बिचारा धोतराखाली उन्हात पडून. पाहुना मामा जांभई देऊन राह्यला. पारूच्या बापानं ढोलकी वाजवता वाजवता ताटीकडं मान वाकडी केली.

"काहीतरी सांग ना."

"काय सांगू? दैत्यच मेला."

"काही बी सांग, लोक चालले."

पारू मांडीवर फुनफुनली, तिचा श्वास गरम, अन् माह्या तोंडून निंगालं, "मले भेव वाटून राह्यलं."

हे म्या पारूच्या बापाले म्हनलं होतं. पन बापू तिथंच ताटीले टेकून उभा होता अन् त्याचा श्वास संपला होता. त्यानं छाती काढली, तलवार वर केली अन् मोठ्यानं म्हनलं, "मले भेव वाटून राह्यलं!"

टाचा थांबल्या.

मालगुजारानं खुर्चीत बूड हालवलं. मागून कोनीतरी खिदळलं, "राजाले भेव!" अन् जे चालले होते ते वळून पाहाले लागले, का आता हा काय म्हनते. बापूच्या उशिरानं ध्यानात आलं का आपन काय बोललो. त्याचे कान लाल झाले, ते मले मागून दिसले. आता पुढं काय? पन सुखा होता. रानीनं पदर सावरला अन् इचारलं, "कायचं भेव, म्हाराज? दैत्य तं आत्ताच मारला तुमी."

बापूनं कान ताटीकडं केला. माह्याजवळ एकच गोष्ट होती, मांडीवर. म्या सांगतलं, तो बोलला, "पोरीचं आंग तव्यावानी तापलं."

"एवढंच ना? मंग मारा ना तापाले. एका घावात."

लोक हासले. सुखाले लोक हासलेले आवडते. म्या बापूले सांगतलं, अन् या वक्ती त्यानं छाती काढली नाई, हळूच म्हनलं, "कुठी मारू? कपाळावर मारू का पोटात मारू? जिथी मारन तिथी पोरगीच हाये."

कोनी हासलं नाई. एका बाईनं आपलं लेकरू या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

मंग माहं भेव गेलं असं नाई, वाढलंच, पन भेवाले आता काम भेटलं. सुखा म्हने वैदू आना, म्या सांगतलं वैदूनं हात टेकले. सुखा म्हने या तापाची जडी कोनाले तरी ठावी असनच. अन् म्या इचार न करता सांगतलं, बापू इचार न करता बोलला, "दैत्याले ठावी होती. रानातल्या सगळ्या जड्या त्यालेच ठाव्या होत्या."

बोलून झाल्यावर बापूनं खाली पाह्यलं. धोतराखाली डोमा पडून होता.

"भोग आता लेका!" मागून एक बुढा ओरडला.

"कायची एवढी घाई होती रे?" दुसरा.

कोंबड्यायच्या झाडाखालचे लोक इकडं आले. काही तं कोंबडे काखेत घेऊनच आले. बापू उभा होता, दैत्य मारलेल्या राजासारखा नाई, रस्ता चुकलेल्या मानसासारखा. अन् सुखाले काय सुचलं देव जाने, त्यानं माह्या ताटीकडं बोट दाखवलं. "दैत्याची माय असन ना घरी. तिले इचारा. हे तिचं घर."

आता दैत्याची माय कोन होईन? आमच्याकडं मानूस नव्हता. जो होता तो मेला होता. बापू ताटीसमोर येऊन उभा राह्यला, आख्खी मंडई त्याच्यामागून ताटीकडं पाहून राह्यली, पारूच्या बापाचा हात ढोलकीवरच थांबला. त्यानं मले मानेनं नाई म्हनलं. दंडारीत बाईचा आवाज कवाच नव्हता निंगाला. मले बी नाईच म्हनाचं होतं. पन बांबूच्या पल्याड बापूचा श्वास ऐकू येऊन राह्यला होता, अन् मी कोनाचा श्वास संपला का सांगतेच, सवय हाये.

"कोन हाये?" म्या म्हनलं. मोठ्यानं, सगळ्यायले ऐकू जाईन असं.

बापूनं कान ताटीले लावला. तो वाट पाहून राह्यला होता. तो कोन हाये हे मीच सांगत असो, अन् आता मीच इचारून राह्यली होती. त्याले सांगाले कोनीच नव्हतं. मी आतून पाहून राह्यली, त्याचं तोंड उघडं, अन् आत काही नाई. मले वाटलं संपलं, आता हा पळन, अन् पारूचा बाप जंगलात चालला.

"बापू," तो म्हनला. "मी बापू."

राजा नाई म्हनला. कोनी हासलंबी नाई.

"माहा पोरगा कुठी हाये, बापू?"

त्यानं डोक्यावरचा फेटा काढला. म्या नव्हतं सांगतलं. तो जरीचा फेटा ताटीजवळ मातीत ठेवला अन् म्हनला, "मले घाई झाली होती, माय."

हे बी म्या नव्हतं सांगतलं. म्हनून म्हनते, मधातलं होतं. आमी त्याले कवा जागाच नाई देल्ली.

म्या म्हनलं, "पैले त्याले खांदा दे. मंग जडी माग."

बापू डोमाजवळ गेला अन् वाकला. उचलला गेला नाई. डोमा ढिवर, आंगानं रेड्यासारखा, अन् मेलेला मानूस मदत करत नाई, तो नियमच हाये. ज्यानं पैल्याच घावात दैत्य मारला त्याच्यानं तो दैत्य गुडघ्याच्या वर उचलला नाई गेला. एकदा त्यायचे दोघायचेही डोके आपटले. लोकायतून एक जन उठला, मंग दुसरा, काखेतला कोंबडा बायकोजवळ देऊन तिसरा. चौघायनं डोमाले खांद्यावर घेतलं, पुढं बापू, बोडक्या डोक्यानं. त्यायनं आख्ख्या मंडईले फेरा घातला, जिलेबीच्या दुकानाजवळून, बांगड्यावालीजवळून, अन् लोक मागून चालले, कोनी गप चाललं, कोनी खरंच रडलं. एक जन तं दुकान उघडं टाकून चालला. धोतराखाली डोमा बी रडून राह्यला होता, मले मंग त्यानंच सांगतलं. म्हने, वहिनी, मले माहीत होतं का मी जिता हावो, पन कोनी एवढं नेत हाये पाहून मन भरून आलं.

ते फिरून येईवरी दिवस बुडाले गेला. जडी द्याचीच राहून गेली. कोनी मागितलीबी नाई. शबुदाप्रमानं गाव सांजवरी बसलं. नाई, बसलं नाई, चाललं.

मालगुजार मात्र फेटा मातीत गेला तवाच उठून गेला होता.

पाहुन्यायनं मुलगी देल्ली. जाता जाता मुलीची माय ताटीजवळ आली, वाकून फटीतून पाह्यलं अन् इचारलं, "पोरगी वाचन ना व बाई?" मले समजलं नाई ती राजाच्या पोरीचं इचारून राह्यली का माह्या. म्या म्हनलं, वाचन. माही वाचली. कुनैनच्या गोळ्या पाजल्या, तिसऱ्या रोजी घाम फुटला अन् ताप उतरला. राजाच्या पोरीचं अजून कोनाले ठावं नाई, अन् आठवड्याच्या बाजारात अनवळखी बाया मले थांबवून इचारतेत, तिचं काय झालं? पाच साल राजा दैत्य मारून राह्यला, कोनी इचारलं नव्हतं का पुढं काय झालं.

मंडया सरल्यावर मालगुजारानं पारूच्या बापाले बोलावलं. मी बाहेर उभी होती. माह्याशी तो बोलत नाई, त्यालेच म्हनला, "तुह्या बायकोले सांग. पुढच्या साली फेटा डोक्यावरच राहीन. बाईचा आवाज निंगाचा नाई. अन् लोकायले तो ताप एवढाच आवडला असन तं डोमाले हळद लावून ताप करा, अन् माह्या पोरानं त्याले एका घावात मारला पाह्यजे. नाई तं बंडी बंद, तलवार बंद, दंडार बंद."

"बरं मालक," पारूचा बाप म्हनला. दुसरं काय म्हनन? ठेकेदाराचा मानूस आमच्या दारातून दोनदा जाऊन आला होता.

परवा मी आंगनात तांदूळ पाखडून राह्यली होती, तं बापू आला. लगन झाल्यापासून थोडा हडकला. इकडं तिकडं पाह्यलं अन् म्हनला, "पारूची माय, म्या या साली काहीच पाठ नाई केलं."

"तुमी कवाच नाई करत बापू."

"या साली ठरवून नाई केलं. मारू का नोको मारू, तू जे सांगशीन ते बोलन. माहा बाप समोर बसला तरी."

"अन् म्या मार म्हनलं तं?"

"तं मारन." तो सुपाकडं पाहून राह्यला. "पन त्या दिवशी मले पैल्यांदा वाटलं का लोक माह्याकडं पाहून राह्यले. फेट्याकडं नाई."

अन् गेला. सगळं माह्या डोक्यावर टाकून गेला. त्याच्या बापाचा हुकूम ठावं, माह्या घरच्याचा पाय ठावं, तरी टाकून गेला. मोठे लोक असेच असतेत, धैर्य आलं तरी दुसऱ्याच्या तोंडून मागतेत.

गुरुजी म्हनते अंक दिवाळीले निंगन. मंडई दिवाळीच्या मागंच हाये. तुमी हे वाचसान तवा मी ताटीमागं बसली असन, पारूले मांडीवर घेऊन. समोर डोमा हळद लावून पिवळा, त्याचे डोळे आधीच मिटलेले. खुर्चीवर मालगुजार. ढोलकीवर पारूचा बाप, तो माह्याकडं पाहात नाई, कारन पाह्यलं तं त्याच्या तोंडावर त्याले काय पाह्यजे ते दिसन, अन् ते मले दिसू द्याचं नाई असं त्यानं ठरवलं हाये. बापूची तलवार वर असन. त्याचा श्वास संपन अन् तो कान इकडं करन.

मले रोज नवं वाटते. सकाळी वाटते मार म्हनून मोकळं व्हाव, एक ताप मेला तं काय होते, पारूचा बाप घरी राहीन. सांजच्याले बाजारातली एखादी बाई इचारते, पोरगी वाचली का, अन् मंग ते मार तोंडातून निंगत नाई. अजून माहं ठरलं नाई. तुमी शिकलेले हा, घरात बसून वाचून राह्यले, तुमाले घाई नाई. तुमीच सांगा, ताटीमागं तुमी असते, तुमच्या मानसाचा एक पाय तसा अन् समोर तो कान असा, तं तुमी त्या कानात काय सांगतलं असतं?